लहान मुलांना घेऊन जर्मनीत राहायला जाताना : कोणतं काम कधी करायचं

पुण्या-मुंबईतून, नाशिक-नागपुरातून जर्मनीला जाणारी बहुतेक मराठी कुटुंबं नोकरीच्या निमित्ताने जातात. नोकरीपुरती तयारी चोख असते. कंपनीचं पत्र, पगाराचा हिशोब, व्हिसाची फाईल, सगळं जागच्या जागी. मुलांची तयारी मात्र बहुतेकदा जॅकेट आणि थर्मलच्या खरेदीपाशी संपते. तिथे पोचल्यावर लक्षात येतं की पत्ता, विमा, डॉक्टर, पाळणाघर आणि दुसऱ्या पालकाची नोकरी ही कामं एकमेकांत अडकलेली आहेत, आणि पहिलं राहिलं की पुढची सगळी थांबतात.

म्हणून हा लेख कामांच्या क्रमाने लिहिला आहे. एक ते सात वर्षांची मुलं असलेलं आणि ब्लू कार्डावर (उच्चशिक्षित नोकरदारांसाठीच्या युरोपीय संघाच्या परवान्यावर) किंवा नोकरीच्या दुसऱ्या परवान्यावर आलेलं कुटुंब डोळ्यांसमोर ठेवलं आहे. जर्मनीत 16 राज्यं आहेत आणि पाळणाघर, शाळा, सुट्ट्या हे विषय राज्यांच्या हातात आहेत. त्यामुळे म्युनिकच्या मैत्रिणीचा अनुभव हॅम्बुर्गमध्ये जसाच्या तसा लागू होत नाही. माझं ठाम मत असं आहे की पहिल्या वर्षाचं वेळापत्रक लहान मुलाच्या पाळणाघराभोवती आखावं. मूल रुळलं की बाकीचं घर रुळायला फार वेळ लागत नाही.

निघण्याआधी : नावं आणि दाखले

सगळ्यात आधी मुलाचा जन्मदाखला काढून नीट वाचा. आपल्याकडे जन्माची नोंद अनेकदा बारशाआधी होते आणि नावाचा रकाना रिकामाच राहतो. पासपोर्ट निघतो, व्हिसाही मिळून जातो, पण जर्मनीतल्या कार्यालयात नाव नसलेला दाखला चालत नाही. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन नाव घालून घ्या आणि स्पेलिंग पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतंय ना ते पाहा. आईचं नाव लग्नानंतर बदललं असेल तर मुलाच्या दाखल्यावर, लग्नाच्या दाखल्यावर आणि तिच्या पासपोर्टवर तीन वेगळी नावं असू शकतात. तेही निघण्यापूर्वीच सरळ करा. तिकडे बसून इथल्या वॉर्ड ऑफिसातून दुरुस्ती करून घेणं म्हणजे घरच्यांना महिनोन् महिने चकरा मारायला लावणं.

मधल्या नावाचंही ध्यानात ठेवा. आपण मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव लावतो आणि पासपोर्टवर ते ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात जातं. जर्मन कार्यालयं ती दोन्ही मुलाचीच नावं धरतात. त्यामुळे विमा कार्डावर, पाळणाघराच्या यादीत, डॉक्टरच्या फाईलवर तुमच्या लेकीच्या नावाला तिच्या बाबांचं नाव चिकटलेलं दिसेल. त्याने बिघडत काही नाही. फक्त सगळीकडे तेच पूर्ण नाव लिहा, कुठे लांब आणि कुठे आखूड असं करू नका.

लसीकरणाची फाईल हातातल्या बॅगेत ठेवा. 1 मार्च 2020 पासून जर्मनीत पाळणाघरात किंवा शाळेत प्रवेशासाठी गोवराच्या लशीचा पुरावा सक्तीचा आहे. एक वर्षावरच्या मुलाला किमान एक डोस आणि दोन वर्षांवरच्याला दोन. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांकडून सगळ्या लशींची तारीखवार यादी इंग्रजीत, सही-शिक्क्यासह घ्या. घाईत लिहिलेली तारीख वाचता आली नाही तर तिथले डॉक्टर तो डोस धरायला तयार होत नाहीत. बीसीजीचाही उल्लेख त्यात हवा. आपल्याकडे ती जन्मल्याबरोबर देतात, जर्मनीत 1998 पासून तिची शिफारस होत नाही, आणि दंडावरचा व्रण पाहून नर्स हमखास विचारते.

सामानाबद्दल थोडक्यात. वीज दोन्हीकडे 230 व्होल्टचीच आहे, त्यामुळे मिक्सर चालतो, फक्त पिन बदलावी लागते. प्रेशर कुकर, पोळपाट-लाटणं, मिसळणाचा डबा न्या. बाहेरून युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, बर्फी विमानतळावर जप्त होऊ शकतात. ताजा कढीपत्ता आणि आंबे यांनाही वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा हापूसची पेटी घरीच ठेवा. बाळाची दूध पावडर बंद डब्यातली असेल तर दोन किलोपर्यंत चालते. तुपाची काळजी नको. तिथलं बिनमिठाचं लोणी मंद आचेवर कढवलं की उत्तम रवाळ तूप होतं.

पत्ता आणि टपालपेटी

जर्मनीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. पुढची सगळी कामं या एका कागदावर उभी आहेत. नोंदणीसाठी घरमालकाने सही केलेला, तुम्ही तिथे राहायला आल्याचा फॉर्म लागतो. सुरुवातीचं तात्पुरतं घर ठरवताना म्हणूनच पहिला प्रश्न भाड्याचा नको. ‘इथे आनमेल्डुंग होईल का?’ हे विचारा आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्या. बरेच सर्व्हिस अपार्टमेंटवाले नाही म्हणतात. दोन पैसे जास्त गेले तरी हो म्हणणारं घर घ्या.

मोठ्या शहरांत नागरी कार्यालयाची वेळ मिळायला कधीकधी आठवडे लागतात. वेळ ऑनलाइन मिळते. सकाळी लवकर पाहिलं तर रद्द झालेल्या वेळा दिसतात. चौघांची नोंदणी असेल तर चौघांचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले सोबत न्या. दाखले फक्त मराठीत असतील तर जर्मनीतल्या न्यायालयाने नेमलेल्या अनुवादकाकडून भाषांतर करून घ्यावं लागतं.

एवढं झाल्यावर घराखालच्या टपालपेटीवर कुटुंबातली सगळी आडनावं लावा. हे काम पाच मिनिटांचं आहे, पण ते राहिल्यामुळे लोकांची कामं महिनाभर अडतात. जर्मन पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, कारण पत्त्यात तो बहुधा नसतोच. तो पेटीवरचं नाव बघतो, आणि नाव नसेल तर पत्र परत जातं. कर क्रमांक, विमा कार्ड, बँकेचा पिन, किंडरगेल्डचं (मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचं) पत्र, सगळं टपालानेच येतं. आई आणि मुलांची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लावा. नोंदणीनंतर काही आठवड्यांत घरातल्या प्रत्येकाचा, अगदी तान्ह्या बाळाचाही, 11 आकडी कर क्रमांक येतो. ती पत्रं जपून ठेवा.

कायमचं घर शोधताना खोल्या मोजायची पद्धत समजून घ्या. तिथे हॉलही खोलीत धरतात, म्हणजे तीन खोल्यांचं घर हे आपलं टू बीएचके. जाहिरातीत ठळक दिसतं ते ‘काल्टमीटं’, म्हणजे नुसतं भाडं. हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून येतं ते ‘वार्ममीटं’, आणि वीज-इंटरनेट बहुधा त्याहून वेगळं. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या नुसत्या भाड्याइतकं घेता येतं, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क कायद्याने भाडेकरूला आहे. अनेक घरांत स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि एक नळ. ओटा, शेगडी, सिंक आपण आणायचं. लहान मूल घेऊन त्या भानगडीत पडू नका, सुरुवातीला स्वयंपाकघरासकटचंच घर बघा. आणि थंडीतसुद्धा रोज दोन-तीन वेळा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडा. आपल्या स्वयंपाकाची वाफ, वाळत घातलेले कपडे आणि बंद खिडक्या यांनी भिंतींना बुरशी धरते आणि घर सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापले जातात.

विमा, डॉक्टर आणि ताप

आरोग्य विमा सरकारी पद्धतीचा घ्यायचा की खासगी, हा प्रश्न चांगल्या पगारावर आलेल्यांसमोर येतो. लहान मुलं असतील आणि एकच पगार असेल तर सरकारी घ्या, असं मी बिनदिक्कत सांगेन. त्यात उत्पन्न नसलेला जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता त्याच विम्यात येतात. खासगीत प्रत्येक डोक्यामागे हप्ता, आणि एकदा खासगीत गेलं की परतीची वाट अवघड.

पत्ता मिळाला की त्याच आठवड्यात मुलांचे डॉक्टर शोधायला लागा, मूल ठणठणीत असलं तरी. बरेच दवाखाने नवे पेशंट घेणं बंद करून बसलेले असतात. फोनवर नकार आला तर प्रत्यक्ष जा, मूल सोबत न्या, ‘आम्ही नुकतेच या भागात राहायला आलो’ असं सांगा. तेवढ्याने अनेकदा दार उघडतं. तिथे मुलांच्या ठरावीक वयातल्या तपासण्या असतात, यू-1 ते यू-9, आणि त्यांची पिवळी वही असते. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वाढदिवसाच्या सुमारास येणाऱ्या यू-7, यू-7ए, यू-8, यू-9 या तपासण्यांच्या वेळा आधीच घेऊन ठेवा. वही पाळणाघरवालेही बघायला मागतात.

मूल आजारी पडलं की मराठी आईबापांचा जीव पहिल्यांदा इथे टांगणीला लागतो. ताप 39 अंश सेल्सिअस आणि डॉक्टर म्हणतात, पाणी पाजा, झोपू द्या, तीन दिवसांनी या. अँटिबायोटिक नाही, सलाईन नाही. हा निष्काळजीपणा नव्हे, तिथली पद्धतच तशी आहे. व्हायरल तापावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो, हे ते शब्दशः पाळतात. तापाचं औषध लहानांना बरेचदा गुदद्वारातून द्यायच्या गोळीच्या रूपात मिळतं. ओकणाऱ्या मुलाला ते फार सोयीचं पडतं, बिचकू नका. मुलांच्या तापाची, सर्दीची औषधं डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. सरकारी विम्यात बारा वर्षांखालच्या मुलांना साधी औषधंही चिठ्ठीवर फुकट मिळतात. रात्री-अपरात्री डॉक्टर हवे असतील पण जिवावरचं नसेल तर 116117, आणि श्वास, फिट, मोठी इजा असं काही असेल तर 112. दोन्ही नंबर फ्रिजवर चिकटवा.

आणखी एक विमा महिन्याच्या थोड्याशा युरोंत येतो आणि मुलं असलेल्या घरात असायलाच हवा : दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा हाफ्टफ्लिश्ट. सात वर्षांखालच्या मुलाला कायदा नुकसानीसाठी जबाबदार धरत नाही. म्हणून तुमच्या लेकाने शेजाऱ्याच्या गाडीवर दगडाने चित्र काढलं तर साधी पॉलिसी पैसे नाकारू शकते, आणि शेजारधर्म बिघडतो. पॉलिसी घेताना सात वर्षांखालच्या मुलांनी केलेलं नुकसान त्यात धरलं आहे ना, हे विचारून घ्या.

किंडरगेल्ड

हा मुलांसाठीचा सरकारी भत्ता. 2025 साली दर मुलामागे महिन्याला 255 युरो होता, जानेवारी 2026 पासून 259. ब्लू कार्डावरच्या कुटुंबांनाही मिळतो. अर्ज फामिलिएनकासेकडे, म्हणजे हा भत्ता देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, करायचा, पालकाचा आणि मुलाचा कर क्रमांक लागतो. मागचे पैसे जास्तीत जास्त सहा महिन्यांचे मिळतात, म्हणून पुढे ढकलू नका.

कीटा

पाळणाघर आणि बालवाडी मिळून तिथे कीटा म्हणतात. 1 ऑगस्ट 2013 पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे. हक्क आहे म्हणून जागा लगेच मिळते असं मात्र समजू नका. बर्लिन आणि हॅम्बुर्गमध्ये आधी सरकारकडून गुटशाइन, म्हणजे मंजुरीपत्र, घ्यायचं आणि मग ते स्वीकारणारी कीटा शोधायची. म्युनिकमध्ये शहराच्या ऑनलाइन यादीत नाव घालायचं. फीमध्येही जमीन-अस्मानाचा फरक आहे. बर्लिनमध्ये ती माफ आहे, जेवणाचे थोडे पैसे लागतात. काही शहरांत मात्र फी पालकांच्या उत्पन्नावर ठरते आणि चांगलीच जाणवते. शहर ठरवायचं तुमच्या हातात असेल तर पगाराच्या शेजारी हा आकडा मांडून बघा.

नवं वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतं, मोठी मुलं शाळेत जातात आणि तेव्हाच जागा सुटतात. म्हणून भारतात असतानाच भावी घराच्या आसपासच्या दहा-पंधरा कीटांना छोटा ईमेल पाठवा : मुलाचं वय, कधीपासून जागा हवी, कोणती भाषा येते, आणि तुम्हा चौघांचा एक फोटो. जर्मनीत पोचल्यावर जाऊन भेटा. जागा मिळेपर्यंत टागेसमुटर हाही चांगला पर्याय आहे. घरी मोजकी मुलं सांभाळणारी, परवाना असलेली बाई. दोन वर्षांखालच्या मुलाला तर मला तोच जास्त आवडतो.

जागा मिळाली की ‘आयनगेव्होनुंग’ सुरू होतं, म्हणजे मुलाला हळूहळू सवय लावणं. या टप्प्याची कल्पना भारतातून येताना कुणालाच नसते. सगळ्यात जास्त वापरली जाते ती बर्लिन पद्धत. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा तासभर मुलासोबत वर्गात बसतात आणि मुलाला घेऊनच घरी येतात. तुम्ही कोपऱ्यात शांत बसायचं, मूल तुमच्याकडे आलं तर जवळ घ्यायचं, पण त्याला खेळवायचं नाही. चौथ्या दिवशी तुम्ही ‘मी येते’ असं सांगून थोडा वेळ बाहेर जाता. चौथा दिवस सोमवारी येत असेल तर ताटातूट मंगळवारी, कारण सुट्टीनंतर मूल पुन्हा नवखं झालेलं असतं. त्या वेळी मूल ताईंच्या कुशीत शांत झालं तर वेळ वाढवत नेतात, नाही झालं तर थांबतात. हे सगळं दोन आठवड्यांत संपू शकतं, सहाही लागू शकतात.

म्हणून एका पालकाचे किमान चार आठवडे पूर्ण मोकळे ठेवा. दुसऱ्या पालकाने याच महिन्यात नवी नोकरी धरू नये. ताईंना घाई दिसली की त्या नाराज होतात, आणि मुलाला घाई कळली की ते आणखी चिकटतं. आपल्याकडे ‘रडेल दोन दिवस, मग बसेल’ असं म्हणून गेटमधून परत फिरतात. तिथे तसं केलं तर कीटा ते चालू देणार नाही, आणि मला वाटतं त्यांचं बरोबर आहे. नवा देश, नवी थंडी, नवी भाषा. त्या पोराला ओळखीचं असं फक्त तुमचं माणूस आहे.

पहिल्या दिवशी ताईंच्या हातात एक कागद द्या. त्यावर मुलाचे रोजचे मराठी शब्द रोमन लिपीत लिहा आणि समोर जर्मन अर्थ : पाणी, भूक, शू, शी, दुखतंय, नको, झोप, आई, बाबा, आजी. मूल ज्या नावाने आपली चादर किंवा बाहुली मागतं ते नावही लिहा. तुमचं मूल ‘शी’ म्हणत उभं आहे आणि चार माणसांना काहीच कळत नाही, ही वेळ या कागदाने टळते. बऱ्याच ताई तो दाराशी लावून ठेवतात आणि आठवड्याभरात ‘पानी?’ असं विचारायला लागतात.

घरी या सवयी आधीपासून लावा. स्वतःच्या हाताने जेवणं ही पहिली. गोष्ट सांगत, मागे फिरत भरवलेलं मूल तिथे उपाशी राहतं, कारण दीड वर्षाची मुलंही टेबलाशी बसून आपापलं खातात. बूट-टोपी स्वतः काढणं, गादीवर स्वतः आडवं होणं हेही. शाकाहारी असाल तर तसं सांगणं सोपं आहे, जेवण वेगळं मिळतं. अंडं आणि जिलेटिन यांच्याबद्दल मात्र वेगळं विचारा. वाढदिवसाला वाटल्या जाणाऱ्या मऊ रंगीत गोळ्यांत बहुधा जनावराचं जिलेटिन असतं.

कपड्यांची यादी मिळेल : चिखलात घालायची रबरी पँट, गमबूट, घरातल्या चपला, बदलायचे दोन जोड, उन्हाळ्यात टोपी आणि सनक्रीम. पाऊस असो की बर्फ, मुलं रोज बाहेर जातात. सगळ्यावर नाव घाला. नवं घेऊ नका. मुलांच्या जुन्या कपड्यांचे बाजार भरतात, तिथे दोन हंगाम वापरलेली उत्तम जॅकेटं पाव किमतीत मिळतात.

पहिला हिवाळा आणि दुसरा पालक

कीटाच्या पहिल्या हिवाळ्यात मूल सारखं आजारी पडणार, हे धरूनच चाला. सरकारी विमा असेल तर बारा वर्षांखालच्या मुलाच्या आजारपणासाठी 2024 पासून दर पालकाला दर मुलामागे वर्षाला 15 दिवसांची भरपाई आहे. डॉक्टरांचा दाखला लागतो. दोघांनी वाटून घ्या, सगळं आईवर टाकू नका.

ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला आल्याबरोबर नोकरी करायची मुभा असते. तरीही पहिले महिने तिच्या, क्वचित त्याच्या, वाट्याला बंद घर, न कळणारी भाषा आणि डिसेंबरात चारला मावळणारा सूर्य येतो. हे हलक्यात घेऊ नका. निघण्याआधी जर्मन सुरू करा, पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवन आहेच. पोचल्यावर रोज एकदा मुलाला घेऊन बाहेर पडा, मग हवा कशीही असो. वॉर्डातलं कुटुंब केंद्र, आई-मुलांचे सकाळचे गट, वाचनालयाचा मुलांचा कोपरा यांना खर्च जवळजवळ नसतो, आणि ओळखी तिथेच होतात. मराठी मंडळ अनेक मोठ्या शहरांत आहे, गणपतीला नक्की जा. पण आठवड्याची सोबत मात्र चालत जाण्याच्या अंतरावरच शोधा.

घरात मराठीच बोला. जर्मन यावं म्हणून घरी मोडकं जर्मन किंवा इंग्रजी बोलण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. जर्मन मुलाला कीटात आणि मैदानावर येणारच आहे. कित्येक मुलं सुरुवातीला तिथे महिना-दोन महिने तोंड उघडत नाहीत, नुसती ऐकतात, आणि मग एकदम वाक्यंच बोलतात. तोवर त्यांना सगळं सांगायला एक भाषा हवी, आणि ती तुमची असू द्या.

मुलावर हात उगारणं जर्मनीत 2000 सालापासून कायद्याने निषिद्ध आहे. आपल्याकडे सहज दिलेली चापटही त्यात येते, आणि मुलाने कीटात सांगितलं तर ताई विचारणारच.

शाळा आणि सुट्ट्या

मूल राज्याने ठरवलेल्या तारखेपर्यंत सहा वर्षांचं झालं की शाळा सक्तीची. ही तारीख जून ते सप्टेंबरमध्ये असते. घरी शिकवण्याची परवानगी नाही. दोन-तीन वर्षांत परत यायचं नक्की असेल तर इंटरनॅशनल शाळेचा विचार करा, एरवी घराजवळची सरकारी शाळाच चांगली. बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत जातात, बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीनंतर. त्यामुळे सातव्या-आठव्या वर्षी आलेल्या मुलाच्या जर्मनकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्या.

शाळा सुरू झाली की स्वस्त तिकिटाच्या तारखांना भारतात जाणं संपलं. सुट्टी सोडून शाळा बुडवली तर दंड होऊ शकतो. राज्याचं सुट्ट्यांचं कॅलेंडर कित्येक वर्षं आधी जाहीर होतं, त्यावरून दिवाळीचा किंवा लग्नकार्याचा मेळ बसवा. मुलांचा भारतीय पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो आणि नवा निघाला की राहण्याचा परवानाही नवा करावा लागतो, तेव्हा तिकिटाआधी दोन्हींच्या तारखा बघा. एकच पालक मुलांना घेऊन जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत जवळ ठेवा.

आजी-आजोबांना शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या अल्पमुदतीच्या व्हिसावर) 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं, आणि किमान 30,000 युरोंचा प्रवासी आरोग्य विमा लागतो. त्यांना आयनगेव्होनुंगच्या काळात बोलावू नका, घरी आजी असताना मूल कीटात थांबत नाही. दुसऱ्या पालकाची नोकरी सुरू व्हायच्या सुमारास, एप्रिल-मेनंतर बोलवा. व्हिसाच्या वेळा उन्हाळ्याआधी भराभर संपतात, तेव्हा अर्जाची तयारी जानेवारीतच सुरू करा.